सिंदेवाहीहून विशाखापट्टणम: शनिवार-रविवारात समुद्र कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या एका शाळेवरच्या सरांना कुटुंबाला समुद्र दाखवायचा आहे. सोबत पत्नी, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुलं, आणि गुडघ्यांनी त्रासलेली अडुसष्ट वर्षांची आई. डोंगर आणि समुद्र एकाच ठिकाणी हवा. कुणी गोवा सुचवलं, कुणी विशाखापट्टणम. २६ जानेवारीला जोडून सुट्टी घेऊन दोन दिवसांत शहर आणि डोंगरातलं अरकू खोरं दोन्ही होईल का, आणि खर्च किती येईल, असं त्यांनी विचारलंय.

सर, झाडीपट्टीतून, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातून, लोकांना घेऊन फिरण्याचं काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो. त्या अनुभवावर सांगतो. विशाखापट्टणमला जा. पण अरकू या खेपेला सोडा, आणि २६ जानेवारीही सोडा.

आधी गोव्याचा विषय मिटवतो. आपण महाराष्ट्राच्या पूर्वेच्या टोकाला राहतो. अरबी समुद्र गाठायला आपल्याला अख्खं राज्य आडवं ओलांडावं लागतं. बंगालचा उपसागर त्या मानानं जवळ आहे, आणि सिंदेवाहीची जागा अशी की गोंदिया-बल्लारशा लाइनवरून दोन्ही दरवाजे उघडे. वर गोंदियाला गेलात की दुर्ग, रायपूर, टिटलागड, रायगडा, विजयनगरम असा रस्ता. खाली बल्लारशाला गेलात की वरंगल, विजयवाडा असा. समता एक्सप्रेस पहिल्या रस्त्यानं जाते, स्वर्णजयंती दुसऱ्या. दोन्ही रोज नाहीत, त्यामुळे वार बघावाच लागतो. दुसरं कारण भूगोलाचं. पूर्व घाटाच्या रांगा बाकी आंध्रात किनाऱ्यापासून आत राहतात, पण विशाखापट्टणमला त्या थेट पाण्यापर्यंत येतात. गावातल्या रस्त्यानं चढ चढावा आणि वळणावर एकदम खाली समुद्र दिसावा, असं ते शहर आहे. डोंगर वेगळा आणि समुद्र वेगळा शोधत फिरावं लागत नाही.

आता तारीख. २६ जानेवारीला तुम्हाला झेंडावंदन आहे. मुख्याध्यापक सोडतील असं धरून बेत आखू नका. आणि जोडसुट्टीत हैदराबाद, रायपूर, भुवनेश्वर अशी तिन्हीकडची माणसं तिथं उतरतात. संक्रांतीचा आठवडाही टाळा. आंध्रात संक्रांत आपल्या दिवाळीसारखी असते, सगळा मुलूख गावाकडं निघतो आणि गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. त्यापेक्षा फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा साधा शनिवार-रविवार धरा आणि अलीकडं-पलीकडं दोन किरकोळ रजा टाका. धान चुरून घरात आलेलं असतं, मोहफुलाला वेळ असतो, घरचे मोकळे असतात. तिकडची हवाही तेव्हा चांगली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या किनाऱ्यावर वादळांचा काळ असतो. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ याच शहरावर धडकलं होतं. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मी नेहमी हवामान खात्याचा अंदाज बघत राहायला सांगतो.

उन्हाळ्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मे महिन्यात जाणारे आपल्याकडं पुष्कळ. चंद्रपूरच्या उन्हातून आलेला माणूस तिथला पारा बघून हसतो आणि तासाभरात घामानं चिंब होतो. कूलरची खोली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. हवेतच दमटपणा भरलेला असला की पाणी उडत नाही, नुसता ओला वारा अंगावर येतो. उन्हाळ्यात गेलात तर एसी खोलीच घ्या. फेब्रुवारीत पंख्यावर भागतं.

गाडीचा हिशोब या सगळ्या बेताचा कणा आहे. लोक सुटण्याची वेळ बघतात, मी पोहोचण्याची बघतो. दुपारी चारला उतरवणारी गाडी तुमचा एक दिवस खाते. तुमच्यासारख्यांना सध्या सगळ्यात सोयीची दुर्ग-विशाखापट्टणम वंदे भारत. ती सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. पहाटे दुर्गहून सुटते आणि दुपारी विशाखापट्टणमला पोचवते; परतीला दुपारी तिकडून निघून रात्री उशिरा दुर्गला येते. आठवड्यातून एक दिवस नसते, तो वार बघून घ्या. गुरुवारी सिंदेवाहीहून निघून रात्री गोंदियामार्गे दुर्गला पोचायचं, शुक्रवारी दुपारी समुद्र, रविवारी दुपारी परत, सोमवारी घरी. आईला बर्थवर चढण्याचा प्रश्न येत नाही, दिवसा खुर्चीत बसून जायचं, आणि रायगड्याच्या पुढचे घाट खिडकीतून फुकटात दिसतात. दुर्गच्या रात्रीचं तेवढं नीट बघा. स्टेशनच्या विश्रामगृहात खोली मिळाली तर उत्तम, नाहीतर स्टेशनलगतचं साधं लॉज. आईला फलाटावर रात्र काढायला लावू नका.

रात्रीच्या गाडीनंच जायचं असेल तर एक बारकावा ध्यानात ठेवा. ज्येष्ठांचा आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बायांचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोन प्रवासी असतील तरच चालतो. पाच जणांच्या तिकिटावर आईचं वय घातलं तरी खालचा बर्थ मिळेलच असं नाही. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, तेव्हा ती हिशोबात धरू नका. मुलांचं म्हणाल तर पाच ते बाराच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला की पूर्ण भाडं लागतं, बर्थ नको म्हटलं तर अर्धं. सहा वर्षांचा पोट्टा बायकोजवळ झोपेल, अकराच्या मुलाला बर्थ घ्या. वंदे भारतमध्ये मात्र दोघांनाही खुर्ची लागेल, तिथं अर्ध्या तिकिटाचा विचार नको.

मुक्काम रामकृष्ण बीचच्या आसपास करा. सगळे त्याला आरके बीच म्हणतात. समुद्राकडं तोंड असलेल्या खोल्या महाग पडतात, दोन गल्ल्या मागं पांडुरंगपुरमच्या बाजूला तोच वारा स्वस्तात मिळतो. अजून कमी खर्चात राहायचं तर द्वारकानगर किंवा दाबा गार्डन्स, तिथून बीचला ऑटो आहेत. खोली ठरवताना एकच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत. चढावरचं शहर असल्यानं तळमजल्याची खोली सांगतात आणि रस्त्यापासून पंधरा पायऱ्या निघतात.

शुक्रवारी दुपारी पोचल्यावर जेवून तासभर आडवे व्हा. चार-साडेचारला बीच रोडवरच्या पाणबुडीकडं जा. ही आयएनएस कुरसुरा. सोव्हिएत बनावटीची, १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात होती, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी इथं वाळूवर ओढून तिचं संग्रहालय केलं. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला दुसरं काही दाखवलं नाही तरी चालेल. आत नव्वद मीटर लांब नळीतून चालायचं, गोल दरवाज्यातून वाकून पाय टाकायचा, टॉर्पेडो बघायचे, खलाशी कुठं झोपत होते ते बघायचं. आईंना मात्र आत नेऊ नका, ते गोल दरवाजे गुडघ्यांना झेपणारे नाहीत. त्या बाहेर कठड्यावर समुद्र बघत बसतील, सोबत एक जण थांबा. समोरच रस्त्यापलीकडं टीयू-१४२ हे नौदलाचं मोठं टेहळणी विमान ठेवलंय, तेही बघता येतं. सोमवारी पाणबुडी बंद असते आणि इतर दिवशी साधारण दुपारनंतर उघडते, म्हणून ती संध्याकाळच्या खात्यात टाकायची. जवळच १९७१ च्या युद्धाचं विजयस्मारक आहे. पाकिस्तानची गाझी पाणबुडी याच बंदराबाहेर बुडाली, ही गोष्ट मुलांना तिथंच उभं राहून सांगा, वर्गात सांगण्यापेक्षा चांगली बसते.

तिथं समुद्रात सूर्य बुडत नाही, उगवतो. आपल्याकडचे लोक संध्याकाळी कॅमेरा घेऊन उभे राहतात आणि सूर्य पाठीमागं डोंगरात गेलेला असतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथं साडेसहाच्या आत उजाडतं आणि सहाच्या सुमारास मावळतं, आपल्यापेक्षा पाव तास आधी. म्हणून शनिवारी पहाटे सहाला सगळ्यांना बीचवर न्या. गाव उठायच्या आतला तो तासभर सगळ्या सहलीत बिनपैशाचा आणि सगळ्यात चांगला.

शनिवारचा दिवस उत्तरेच्या भिमिली रस्त्याला द्या. गाडी ठरवताना ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ या बोलीवर ठरवा, हा फेरा त्यात बसतो. ठिकाणामागं पैसे घेणारा ऑटो घेतलात तर प्रत्येक थांब्यावर नवीन घासाघीस. पहिला थांबा ऋषिकोंडा बीच, त्याबद्दल खाली वेगळं लिहितो. पुढं तोटलाकोंडा. डोंगरमाथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध विहार आहे. स्तूप, भिक्खूंच्या खोल्यांची जोती, भोजनगृह, खडकात कोरलेली पाण्याची टाकी, आणि खाली पसरलेला समुद्र. नौदलाच्या हवाई पाहणीत ही जागा नजरेस आली आणि १९८८ ते १९९२ या काळात उत्खनन झालं. सातवाहनांची शिशाची नाणी आणि रोमन चांदीची नाणी तिथं सापडली, म्हणजे या भिक्खूंकडं समुद्रावरचे व्यापारी येत होते. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप तुम्ही मुलांना दाखवला असेल तर हा दाखवाच. आपल्या भागातून दीक्षाभूमीला दरवर्षी जाणारी माणसं मी इथं आणली आहेत, ती समुद्र विसरून इथंच बसून राहतात. गाडी बरीच वरपर्यंत जाते, त्यामुळे आईंनाही जमेल. टोपी आणि पाणी सोबत ठेवा, वर सावली कमी.

त्याच रस्त्यावर लाल वाळूचे उंच ढिगारे लागतात, एर्रा मट्टी दिब्बलू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं ते राष्ट्रीय भू-वारसा म्हणून नोंदवलेत. दहा-पंधरा मिनिटं थांबा, पण कडांवर मुलांना चढू देऊ नका, वाळू ढासळते आणि ढिगारेही खराब होतात. भिमिलीला डचांची जुनी दफनभूमी आहे आणि गोस्तनी नदी समुद्राला मिळते ती जागा आहे. आपण वैनगंगेच्या काठची माणसं, आपली नदी समुद्राला कुठं जाते ते आपल्याला कधी दिसत नाही. मुलांना एक तरी मुख दाखवा. जेवण भिमिलीत किंवा परतताना.

परत येताना साडेचार-पाचला कैलासगिरी. टेकडीवर शिवपार्वतीची मोठी पांढरी मूर्ती, बाग, छोटी रेल्वे. वर रोपवेनंही जाता येतं, गाडीनंही. रोपवेला शनिवारी संध्याकाळी रांग असते. मुलांसाठी तुम्ही रोपवे घ्या आणि आईंना गाडीनं वर पाठवा. वरून उत्तरेला सकाळी फिरलेला सगळा किनारा दिसतो आणि दक्षिणेला शहर, त्यापलीकडं समुद्रात घुसलेला डॉल्फिन्स नोज डोंगर. सहाला दिवे लागेपर्यंत थांबून खाली उतरा. दिवसभरात एवढंच. प्राणिसंग्रहालय यादीत दिसेल, ते गाळलंय. सिंदेवाहीच्या माणसाला वाघ बघायला तिकीट काढून आठशे किलोमीटर जायची गरज नाही, आपल्याकडं तो धानाच्या बांधीतच उभा राहतो, आणि त्याचं कौतुक करण्याची परिस्थिती आता राहिलेली नाही.

रविवारी सिंहाचलम. हे आईंसाठी. देऊळ शहराच्या उत्तरेला टेकडीवर आहे, वराह-लक्ष्मी-नरसिंहाचं. मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेली असते, त्यामुळे दर्शन लिंगासारख्या आकाराचं होतं. लेप फक्त अक्षय्य तृतीयेला काढतात, आणि त्या दिवशी तिकडं फिरकायचं नाही, गर्दी आवरत नाही. रामटेकच्या गडावरचा वाकाटक काळातला केवल नरसिंह आईंनी बघितला असेल तर दोन्हींतला फरक त्यांना लगेच जाणवेल. भिंतीवरच्या शिलालेखांत अकराव्या शतकापर्यंतचा मजकूर आहे, आताच्या बांधकामाचा बराच भाग तेराव्या शतकातला. पायऱ्या आहेत, पण गाडी आणि बस वर जाते. रविवारी सकाळी साडेसहाला खोलीवरून निघा, नाहीतर दर्शनात दुपार जाईल आणि तुमची गाडी चुकेल. दहा-साडेदहाला परत, आंघोळ, सामान आवरून खोली सोडा, जेवण करून स्टेशन. आईंना देवीचंच दर्शन हवं असेल तर जुन्या शहरात बुरुजुपेटेत कनक महालक्ष्मी आहे. तिथं देवीवर छप्पर नाही, उघड्यावर बसलेली आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी जशी आपल्याकडं घराघरांत महालक्ष्मी मांडतात, तशी तिथं देवळात झुंबड असते. फेब्रुवारीत निवांत दर्शन होतं.

अरकूबद्दल आता. अरकू शहरापासून एकशे दहा-पंधरा किलोमीटरवर आहे, घाटातून. सकाळी पावणेसातच्या सुमाराला किरंदुल पॅसेंजर निघते, बोगद्यांमागून बोगदे पार करत दुपारच्या आत पोचते. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं लोखंड बंदरावर आणायला साठच्या दशकात बांधलेली ही लाइन, पलीकडचं टोक दंतेवाड्यात. प्रवास देखणा आहे यात वाद नाही. बोरा गुहा, कॉफीचे मळे, धिम्सा नाच, बांबूत भाजलेली कोंबडी. पण जाऊन-येऊन तेरा-चौदा तास लागतात. बोऱ्याच्या गुहेत उतरायला आणि चढायला पायऱ्याच पायऱ्या. म्हणजे शनिवार पूर्ण गेला, आई गाडीत बसून राहिल्या, आणि ज्यासाठी निघालात तो समुद्र शुक्रवारच्या संध्याकाळपुरता उरला. टूरवाले दोन दिवसांत दोन्ही कोंबतात, कारण यादी लांब दिसली की गिऱ्हाईक खूष होतं. तुम्ही, पत्नी आणि मुलं एवढेच असता तर मीच म्हटलं असतं की कैलासगिरी सोडा आणि अरकूला जा. तिसरा पूर्ण दिवस मिळाला तर ती रेल्वे एका बाजूनं धरा आणि परत गाडीनं या.

समुद्रात उतरण्याबद्दल जरा कडक बोलतो. आरके बीचवर पाण्यात पोहायला उतरू नका. तिथं वाळू पायाखालून लगेच खोल उतरते आणि लाट परत जाताना घोट्याला धरून ओढते. घोटाभर पाण्यात उभं राहा, समुद्राकडं पाठ करून फोटो काढू नका. वैनगंगेत, तलावात पोहलेल्या पोरांनाच जास्त धोका असतो, कारण त्यांना भीती नसते. नदीची धार एका बाजूनं जाते हे त्यांना ठाऊक असतं; किनाऱ्यावरून आत खेचणारा प्रवाह त्यांनी कधी अनुभवलेला नसतो. त्यात कुणी सापडलाच तर किनाऱ्याकडं सरळ हात मारत दमून जाऊ नये, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर यावं आणि मग वळावं. मुलांना भिजायचंच आहे, ते भिजणारच. त्यासाठी ऋषिकोंडा. जीवरक्षक असतात, पोहण्याची हद्द आखलेली असते, त्या हद्दीत, गुडघाभर पाण्यात, तुमचा हात धरून. कपडे बदलायला जागा आहे. डॉल्फिन्स नोजच्या पलीकडचा यारडा बीच फोटोत फार सुंदर दिसतो आणि आहेही. पण पाणी तितकंच फसवं. तुमच्या बेतात तो बसत नाही. कधी गेलात तर वाटेत सिंधिया भाग लागतो, वालचंद हिराचंदांनी १९४१ मध्ये जहाजबांधणीचा कारखाना तिथं उभा केला. सोलापूरचा माणूस आणि भारतातलं आधुनिक जहाज, हे पोरांना सांगण्यासारखं आहे.

जेवणाची काळजी आईंपुरती करा. भाकर मिळणार नाही, भातच मिळेल, पण धानपट्ट्यातल्या माणसाला भाताचं काय कौतुक. तिखट मात्र आंध्राचं आहे. सावजी खाणाऱ्याला चालेल, सहा वर्षांच्या पोट्ट्याला नाही. त्याला दहीभात आणि पेसरट्टू, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा. संध्याकाळी बीचवर मुरमुऱ्यांचं मिक्सचर आणि गरम पुनुगुलू, म्हणजे डोशाच्या पिठाची छोटी भजी. घरी न्यायला माडुगुल्याचा हलवा घ्या, प्रवासात टिकतो. भाषा तेलुगू, पण बंदर, रेल्वे आणि नौदलामुळे हिंदी सगळीकडं चालते.

खर्चाचं म्हणाल तर आकडा सांगून मी तुम्हाला बांधत नाही, साध्या शनिवारचे आणि जोडसुट्टीचे भाव एक नसतात. तिकिटाचा पैसा ठरलेला आहे, तो आधी बाजूला काढा. उरलेल्यात खोली आणि शनिवारची गाडी हे दोनच मोठे आकडे, तिकीट-प्रवेश आणि खाणं त्यामानानं किरकोळ. कंजुषी करायची तर खोलीच्या नजाऱ्यात करा, गाडीत करू नका, आई आहेत सोबत. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकीट काढायला बसा, आणि आधी परतीचं बघा. रविवार दुपारची परत येणारी गाडी सगळ्यांना हवी असते, जाण्याचं मागाहूनही मिळतं. ती मिळाली नाही तर तारीख आठवडाभर पुढं ढकला, पण गावच्या मंडईतल्या, म्हणजे जत्रेतल्या, नाटकाचं तिकीट काढून ठेवलं असेल तर आधी ते बघून घ्या.